ओमदुर्मानचा खुमरा

एखाद्याचं वाईट व्हावं असं मी मनापासून चिंतलं, असा माझ्या आयुष्यात एकच माणूस झाला. तो सुदानमधल्या ओमदुर्मान शहराचा. उंच, देखणा, बोलायला गोड. रुवैसच्या कंपनी कॉलनीत आमच्या भिंतीला लागून त्याचं घर होतं आणि माझ्या नवऱ्याच्याच शिफ्टला तो इंजिनियर होता. इंडियन सहकाऱ्यांचं ऐकून ऐकून तो मला ‘भाभी’ म्हणायचा. माझ्या हातची आमटी त्यानं वाटी तोंडाला लावून प्यायलेली आहे. हे सगळं आठवतं, म्हणूनच राग अजून जात नाही.

पण आधी त्याच्या बायकोबद्दल सांगायला हवं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा आम्ही रुवैसला गेलो. अबुधाबीपासून गाडीनं दोन-अडीच तास पश्चिमेला, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू, आणि मध्ये रिफायनरी. वारा फिरला की घरात गंधकाचा वास शिरायचा. मी सोलापूरची. तिथे मला सगळ्यात जास्त कशाची आठवण येत असेल तर ज्वारीच्या भाकरीची. को-ऑपमध्ये मैदा, कणीक, बासमती, सगळं मिळायचं, ज्वारीचं पीठ मात्र नाही. आणि एका सकाळी कपडे वाळत घालताना शेजारच्या बाल्कनीतून आंबवलेल्या ज्वारीचा वास आला. अगदी आंबिलीचा. मी कपडे तसेच टाकले आणि जाऊन बेल वाजवली.

दार उघडलं ती माझ्याच वयाची, सावळी, गालावर खळी असलेली बाई होती. अंगावर साडीसारखंच लांबलचक पातळ वस्त्र, डोक्यावरून घेऊन खांद्यावर टाकलेलं. त्याला तोब म्हणतात हे मला नंतर कळलं. मी काहीतरी इंग्रजीत पुटपुटले आणि नाकाकडे बोट दाखवलं. ती हसली, मला हाताला धरून आत घेऊन गेली. गॅसवर लोखंडी पत्रा तापला होता. तिनं त्यावर आंबवलेलं पातळ पीठ ओतलं, खजुराच्या पानाच्या तुकड्यानं झरझर पसरवलं आणि क्षणात रुमालासारखी पातळ पोळी उचलून माझ्या हातावर ठेवली.

“किसरा,” ती म्हणाली.

मी तोंडात घातला आणि मला रडू आलं. ज्वारीच होती ती. भाकरी नव्हे, पण भाकरीची बहीण. तिला वाटलं मला आवडलं नाही. मी मान हलवत राहिले आणि अजून एक मागितला.

त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना ‘उख्ती’ म्हणायला लागलो. उख्ती म्हणजे माझी बहीण. तिचं इंग्रजी, माझं तोडकं अरबी, आणि दोघींच्या मध्ये हिंदी. ओमदुर्मानच्या टॉकीजमध्ये लहानपणापासून हिंदी सिनेमे पाहून तिला ‘दिल’, ‘दुश्मन’, ‘कसम’ असले शब्द पाठ होते. किराणा सांगण्यापुरते नव्हे, पण भांडायला आणि रडायला पुरेसे.

तिच्या शहराबद्दल ती बोलायला लागली की थांबायची नाही. दोन नाईल नद्या, एक पांढरी, एक निळी, तिथे एकमेकींना भेटतात आणि काही अंतर दोन रंगांनी शेजारी शेजारी वाहतात. पलीकडच्या काठाला सरकारी राजधानी, अलीकडे ओमदुर्मान, मातीच्या घरांचं. अंगणात सुंभाच्या बाजा टाकून सगळं घर आभाळाखाली झोपतं. शुक्रवारी दुपार कलली की एका जुन्या पिराच्या कबरीपाशी लाल-हिरवे ठिगळांचे झगे घालून फकीर गोल फिरत नाचतात आणि धूळ उडून सूर्य दिसेनासा होतो. आणि बायकांचा वेगळा बाजार आहे, जिथे विकणाऱ्या सगळ्या बायकाच. तिची आई तिथे सुगंध विकायची.

तिच्या स्वयंपाकघरात मला रोज माझंच काहीतरी सापडायचं. वाळवलेल्या भेंडीची पूड घालून ती मटणाचा दाटसर रस्सा करायची आणि किसऱ्यावर ओतायची. तिचं लाल सरबत म्हणजे आपल्या लाल अंबाडीची बोंडं. पांढरं आंबट सरबत निघायचं ते गोरखचिंचेचं. कॉफीच्या बिया ती कढईत भाजायची, धूर आधी पाहुण्यांच्या नाकासमोर फिरवायची, मग सुंठ घालून लाकडी उखळात कुटायची, आणि मातीच्या लांब मानेच्या सुरईतून इवल्या पेल्यांत ओतायची. ती कॉफी एक पेला पिऊन उठलं की तिला अपमान वाटायचा.

लग्नाच्या गोष्टी निघाल्या की आम्ही दोघी हसून बेजार व्हायचो. त्यांच्याकडे लग्नात नवरा-नवरीच्या मनगटाला लाल रेशमी धागा बांधतात, डोक्यावर सुगंधी काळं चूर्ण थापतात, आणि मग दोघं तोंडात दूध घेऊन एकमेकांवर फवारतात. ज्याचा फवारा आधी, त्याची घरात सत्ता. मी म्हटलं, आमच्याकडेही जुन्या लोकांत नवरा-नवरी एकमेकांवर चुळा टाकायचे. तिनं विचारलं, “तुझी आधी की त्याची?” मी म्हटलं, “आमचं लग्न साधं झालं, तेवढं राहून गेलं.” ती म्हणाली, “माझी आधी. त्याच्या डोळ्यांत गेलं होतं दूध.”

पण तिची खरी विद्या सुगंधाची. ओमदुर्मानमध्ये लग्न झालेल्या बाईचा म्हणून एक सुगंध असतो, खुमरा. कुमारिका तो लावत नाहीत. आणि प्रत्येक घराचा खुमरा वेगळा. आईनं मुलीला शिकवायचा, बाहेर द्यायचा नाही. नवरा अंधारातही आपलं घर ओळखतो तो त्यावरून, असं ती सांगायची. त्याच्याच जोडीला दिलका, म्हणजे ज्वारीच्या पिठाचा धुरावलेला गोळा, अंगाला चोळायचा. मी तिला आमचं दिवाळीचं उटणं दाखवलं तेव्हा तिनं डबा नाकाशी धरला आणि एकेक जिन्नस ओळखून सांगितला. गव्हला. चंदन. नखला, म्हणजे ते समुद्री शंखाचं झाकण, जे आपण धुपातही घालतो. आम्ही एकमेकींकडे पाहतच राहिलो. सोलापूरच्या काष्ठौषधीच्या दुकानातलं सामान आणि तिच्या आईच्या टोपलीतलं सामान जवळपास एकच होतं.

तिचा खुमरा सगळ्या रुवैसमध्ये प्रसिद्ध होता. अबुधाबीहून सुदानी बायका यायच्या, तिला मिठी मारून मान हुंगायच्या आणि कृती मागायच्या. ती हसून कॉफी द्यायची. कृती कधीच नाही.

आम्हाला तिथे तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एका शुक्रवारी तिचा नवरा आमच्याकडे जेवायला होता, ती आणि मुलंही होती. जेवण झाल्यावर तो मला म्हणाला, “भाभी, एक काम होतं. माझ्या पुतण्याचं लग्न ठरलंय ओमदुर्मानला. मुलीकडे सुगंधाचं ताट न्यायचं असतं आमच्यात. तुमची बहीण खुमरा करणार आहे, पण चंदन इथलं नको. तुमच्या देशातलं पाहिजे. जुन्या झाडाचं.”

त्याची बायको खूश होऊन म्हणाली, “माझ्या हातचा खुमरा जाणार त्या पोरीकडे. माझ्या घरचा.”

“तुझ्याशिवाय कोण?” तो म्हणाला. अगदी तिच्या डोळ्यांत बघून.

मी सोलापुरात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. त्यांचे गुडघे तेव्हा पार गेलेले. तरी काठी टेकत ते ओळखीच्या अत्तरवाल्याकडे गेले, त्यानं हैदराबादहून मागवून दिलं. येणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर चंदनाचे तुकडे आणि तेलाची कुपी रुवैसला पोचली. वडिलांनी पुडीवर स्वतःच्या हातानं सुतळी बांधली होती.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. मुलं शाळेत गेली की तिच्याकडे बसायचं. मी लवंगा आणि गव्हला कुटायचे, ती चंदनाच्या चिरफळ्या साखरेच्या पाकात आणि अत्तरात भिजवून मंद आचेवर परतायची. नखला तव्यावर भाजताना आधी जो जळकट वास येतो त्यानं माझं डोकं उठायचं, पण ती म्हणायची, “थांब, तो घाण वासच पुढे सगळ्या वासांना धरून ठेवतो.” दिलक्यासाठी बाल्कनीत मातीच्या कुंडीत बाभळीसारखं लाकूड धुमसत ठेवलं तर खालून सिक्युरिटीवाला धावत आला. तिनं त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला आणि तो पिऊन गेला.

काम करताना ती गाणी म्हणायची, नवरीची. त्या अनोळखी पोरीला तिनं किती आशीर्वाद दिले असतील. “तिच्या नवऱ्याचं मन तिच्यावरून कधी न हलो,” असंही एक गाणं होतं. मला अर्थ सांगून तिनं ते दोनदा म्हटलं.

तिलाही लग्नाला जायचं होतं. तो म्हणाला, मुलांच्या परीक्षा आहेत, तू राहा, मीच जाऊन येतो. बाटल्या टॉवेलात गुंडाळून त्याच्या बॅगेत आम्ही दोघींनी ठेवल्या.

तो परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. तोब अंगावर कसाबसा लपेटलेला. सोफ्यावर बसली आणि म्हणाली, “त्याच्या तळपायांना मेंदी आहे.”

मला काही कळलं नाही. “मग? लग्नाला गेला होता ना.”

“पाहुण्याच्या करंगळीला लावतात थोडी, गंमत म्हणून. तळपाय काळेभोर करत नाहीत. ते नवऱ्याचे करतात.”

तिनं माझ्याच फोनवरून ओमदुर्मानला आईला फोन लावला. मला अरबी फारसं कळत नसलं तरी पलीकडची बाई रडते आहे एवढं कळलं. पुतण्या-बितण्या कुणी नव्हता. लग्न त्याचंच होतं. विशीतल्या एका मुलीशी. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं आणि तिला सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

तिनं फोन ठेवला. मला वाटलं आता ती कोसळेल. ती म्हणाली, “उख्ती, दुसरं लग्न करायचा त्याला हक्क आहे. मला सांगितलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, शेवटी सहन केलं असतं. आमच्यात बायका करतातच सहन. पण त्यानं माझ्याकडून करून घेतलं. माझ्या आईचा खुमरा माझ्याच हातानं तिच्या अंगाला लावला.”

आणि माझ्या वडिलांच्या पायांनी. हे मी बोलले नाही, पण त्या क्षणी तो माणूस माझाही वैरी झाला. माझ्या घरात बसून, माझ्या ताटात जेवून, मला भाभी म्हणून त्यानं आपल्या नव्या बायकोसाठी चंदन मागितलं होतं. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. नवरा घरी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “त्यांच्या घरातला मामला आहे. त्यांच्या धर्मात चालतं ते.”

“धर्मात खोटं बोललेलं चालतं का?” मी विचारलं. “अहो, अण्णा काठी टेकत गेले होते.”

तो उठून स्वतःच चहा टाकायला गेला.

पुढचे महिने तिच्या घरात आवाज नव्हता. सुदानी बायका येऊन तिला सब्र शिकवायच्या. सब्र कर, मुलांकडे बघ, खलास. ती सगळ्यांना कॉफी द्यायची. तो कधी आमच्या दाराशी दिसला तर जणू काहीच झालं नाही असा हसायचा, “भाभी, कैसे हो?” मी दार लावून घ्यायचे. माझ्या मनात काय काय यायचं ते आज लिहायलाही लाज वाटत नाही. गाडी उलटावी. नोकरी जावी. आंधळा व्हावा.

मग कळलं की त्यानं अबुधाबीत फ्लॅट घेतलाय आणि नवी बायको येतेय. आली. तो आठवड्याचे शेवटचे दिवस तिकडे राहायला लागला. पण मंडळी कुजबुजत होती आणि त्याला ते सोसत नव्हतं. त्याला नाव हवं होतं, चांगला माणूस म्हणून. एक दिवस तो उख्तीला म्हणाला, “येत्या ईदला कॉलनीच्या बागेत सगळे जमतात, तेव्हा मी तिला घेऊन येतो. सगळ्यांसमोर तू तिला मिठी मार. लोकांची तोंडं बंद होतील.”

“मारते,” ती म्हणाली.

हे मला सांगताना ती प्रथमच हसली. कितीतरी दिवसांनी ती खळी दिसली. तिनं विचारलं, “तू उन्हाळ्यात घरी जाणार आहेस ना? मला चंदन हवंय. मागच्या वेळचंच. पण पुष्कळ.”

तिच्या मनात काय आहे ते तिनं सांगितलं तेव्हा मी तिचे दोन्ही हात धरले.

त्या वेळी मी स्वतः गेले अत्तरवाल्याकडे. वडिलांनी विचारलं, “पुन्हा लग्न आहे का त्यांच्याकडे?” मी म्हटलं, “नाही अण्णा. आहे एक कार्य.” तेच चंदन, तेच तेल, किलोभर गव्हला, नखला, लवंगा. कस्टमवाल्यानं बॅग उघडून हुंगली आणि विचारलं, “पूजा?” मी म्हटलं, “पूजा.”

आता काम माझ्या घरात. तिच्या घरी तो असायचा. माझं स्वयंपाकघर, हॉल, पडदे, गाद्या, सगळं त्या वासात बुडालं. माझी मुलगी शाळेतून आली की म्हणायची, “मम्मा, अवर हाउस स्मेल्स लाइक आंटी.” या वेळी उख्ती गात नव्हती. माप मात्र तेच ठेवत होती, चमच्याला चमचा. मी एकदा म्हटलं, थोडं कमी-जास्त झालं तर काय होतंय? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बोलले नाही. वास हुबेहूब तोच हवा होता.

ती कृती मी इथे मुद्दाम सांगते. चंदनाच्या चिरफळ्या पाकात आणि अत्तरात भिजवून परतायच्या. भाजलेला नखला, लवंगा आणि गव्हला वस्त्रगाळ करून त्यात घालायचा. कस्तुरीची कणी. चंदनाचं तेल. बरणी आतून धुरानं भरून घ्यायची, त्यात हे सगळं ओतून तोंड बांधायचं आणि अंधारात मुरू द्यायचं. आणि तिच्या आईचं गुपित म्हणजे त्या धुरात टाकायची संत्र्याची वाळलेली साल. एवढंच. जी गोष्ट त्यानं चोरून नेली ती आता कुणाच्याही मालकीची राहू नये, हीच तिची इच्छा होती आणि माझीही आहे.

ईदच्या आधी आम्ही बाटल्या वाटायला सुरुवात केली. कॉलनीतल्या सगळ्या सुदानी घरांत ती स्वतः गेली. ईदची भेट म्हणून. बायकांना विश्वासच बसेना. जिनं वर्षानुवर्षं थेंब दिला नाही ती बाटली देतेय, वर कृतीही सांगतेय. अबुधाबीला जाणाऱ्या गाड्यांतून बाटल्या गेल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या, मानाच्या सुदानी बाईला तिनं फोनवर सगळं खरं सांगितलं. ती म्हातारी म्हणाली, “अजून पाठव.” माझ्याकडचा वाटा मी मराठी, मल्याळी, पंजाबी बायकांना दिला. दवाखान्यातल्या फिलिपिनो नर्सलाही. लावायचा कधी? ईदच्या तिसऱ्या दिवशी, बागेतल्या जेवणाला. सगळ्यांनी.

ते जेवण संध्याकाळी ऊन उतरल्यावर होतं. समुद्राकडून वारा होता. गवतावर चटया, मोठ्या परातींत भात आणि बकरा, तळलेले गोड गोळे, चहाचे थर्मास. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. मी माझी लग्नातली साडी नेसले होते आणि मनगटांना, मानेला खुमरा चोपडला होता. आजूबाजूला पन्नासेक बायका आणि सगळ्यांचा वास एकच. रिफायनरीचं गंधकसुद्धा हरलं होतं त्या दिवशी.

फक्त उख्तीनं काही लावलं नव्हतं. पांढरा तोब, आणि अंगाला साध्या साबणाचा वास.

गाडी थांबली. तो उतरला, पांढरा शुभ्र झगा, मोठा फेटा. मागून नवी बायको उतरली. नाजूक होती, पोरसवदा, हातांवर काळी मेंदी, अंगावर शेंदरी तोब. तिच्याशी माझं भांडण नव्हतं, हे मी आज म्हणू शकते. त्या दिवशी म्हणू शकले नसते.

उख्ती पुढे गेली आणि तिनं तिला मिठी मारली. व्यवस्थित, दोन्ही खांद्यांना. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ‘माशाल्ला’ म्हटलं. तो समाधानानं दाढीवरून हात फिरवत उभा होता. मग एकेक बाई पुढे झाली. पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येकीनं नवरीला छातीशी धरलं. चौथ्या-पाचव्या मिठीला ती पोरगी चपापली. तिनं स्वतःच्या तोबचा पदर नाकाशी धरला. मग पुढच्या बाईच्या मानेशी वाकली. मग तिच्या पुढच्या. मी मिठी मारली तेव्हा तिनं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. साडीतली इंडियन बाई, आणि अंगाला तिच्याच लग्नाचा वास.

ती अरबीत काहीतरी म्हणाली. शेजारणीनं मला सांगितलं, ती विचारतेय, हा खुमरा कुणी केला?

अबुधाबीची म्हातारी खुर्चीत बसली होती. तिनं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, “कुणी म्हणजे? हिनंच. तुझाही हिनंच केला होता, बाळ. तुला नाही सांगितलं?”

नंतर कळलं, त्यानं त्या मुलीला सांगितलं होतं की खुमरा त्याच्या आत्यानं केलाय. बायको राजी आहे, तिचे आशीर्वाद आहेत, असंही सांगितलं होतं. मुलीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं आपला पदर अंगापासून दूर धरला, ओल्या कपड्यासारखा, आणि जाऊन गाडीत बसली.

तोपर्यंत वारा पुरुषांकडे वळला होता. बायका परातींभोवती फिरायला लागल्या, आपापल्या नवऱ्यांना वाढायला गेल्या, आणि एक जाडा गृहस्थ हसत हसत त्याला म्हणाला, “हबीबी, आज आमच्या सगळ्यांच्या घरी तुझ्या घरचा वास येतोय.” बाकीचे हसले. त्यांच्यात या थट्टेचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं. त्याच्या बायकोचा सुगंध गावभर झाला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मी डोळे भरून पाहिला.

तो चहाच्या टेबलाशी माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, “भाभी, तुम्हीसुद्धा?”

“चंदन मीच आणलं होतं ना,” मी म्हटलं. “दोन्ही वेळा.”

मी त्याला चहा दिला नाही.

नवी बायको थोड्याच दिवसांत ‘हवा मानवत नाही’ म्हणून ओमदुर्मानला परत गेली. तिनं सगळे कपडे धुवायला टाकले, बाटल्या कचऱ्यात फेकल्या, असं म्हातारीनं कळवलं. पुढे ती त्याच्याकडे नांदायला आली नाही. उख्तीनं शाळेचं वर्ष संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग मुलांना घेऊन तीही गेली, कायमची. तिनं तलाक मागितला. तो द्यायला तयार नव्हता. माझ्या नवऱ्याकडे येऊन म्हणाला, तुम्ही तिला समजवा, तुमच्या बायकोचं ऐकेल. माझ्या नवऱ्यानं, देव त्याचं भलं करो, सांगितलं की हा तुमच्या घरातला मामला आहे. शेवटी तिचे भाऊ काझीकडे उभे राहिले आणि तिची सुटका झाली. ती आता आईच्या जागेवर बसते, बायकांच्या बाजारात. फोन लागला की मी विचारते, “खुमरा विकतेस?” ती म्हणते, “नवा केलाय. त्याचा वास तुलाही माहीत नाही.”

त्याला कंपनीनं बॅचलर क्वार्टर दिलं. कँटीनमध्ये जेवायचा. वाळला. माझा नवरा एकदा म्हणाला, “एकटा असतो बिचारा. शुक्रवारी बोलावूया का जेवायला?”

“तुम्ही त्याला बाहेर खाऊ घाला,” मी म्हटलं. “माझ्या ताटात तो जेवणार नाही.”

त्या वर्षी दिवाळीत पाडव्याच्या सकाळी बेल वाजली. तो उभा होता, हातात खजुराची पेटी, केस बरेच पांढरे झालेले. “भाभी, हॅपी दिवाळी,” तो म्हणाला. आत फराळाची ताटं मांडली होती, पाहुणे बोलत होते. मी पेटी घेतली, कारण सणाच्या दिवशी आलेली वस्तू परत करत नाहीत. ‘आत या’ म्हटलं नाही. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, माझ्या खांद्यावरून आत बघत. मग पायऱ्या उतरून गेला. त्याच्या पावलांचा आवाज पार खाली विरेपर्यंत मी दारात होते. मग दार लावून घेतलं, आणि पाहुण्यांना अजून चकल्या वाढल्या.